उंचवट्यावरचा रातवा

सातवीत शाळा सोडून मी कोकणातून इतक्या लांब, आसेगावकडच्या रस्त्याच्या कामावर आलो, ते बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात. माझं काम मुरमाच्या खाणी आखण्याचं. माळावर चुन्याच्या फक्कीनं चौकोन आखायचा, मधोमध एक गोल सोडायचा. मजूर भोवतीनं खणत जात, गोल तेवढा उंच राही. त्यावरून ओव्हरसियर खोली मोजत. "चुकलास तर गाडीत बसवून देईन," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. घरी परत जायला मला तोंड नव्हतं.

एकदा फक्की सांडत मागं मागं सरकत होतो, तर मजुरांतली म्हातारी ओरडली, "अबे, थांब! पाय नको टाकू!"

"साप?"

"सापाले भेतं, अन् याले तुडवून राह्यला! रातवा बसून हाये."

मला काहीच दिसेना. खडे, वाळकं गवत, पाचोळ्याचा एक ढीग. मग त्या पाचोळ्यानं डोळा किलकिला केला. वीतभर अंतरावर अख्खा पक्षी! घरटं नाही, काडी नाही. उघड्या मुरमावर, पोटाखाली दोन अंडी.

"आता काय करू, माय?"

"मले काय इचारतं? फक्की तुयाच हातात हाये."

मधला गोल न आखता मी रातव्याभोवतीच, चौकोनाच्या काठाला लागून, मोठा गोल काढला. म्हातारीनं त्या बाजूला कोणाला कुदळ मारू दिली नाही. दिवसभर तो दगडासारखा बसे. दिवस बुडाला की जराही आवाज न करता उठे आणि लांबून चक-चक-चक ऐकू येई, कातळावर गोटा टपटपत जावा तसं. मी हातातली भाकरी विसरून ऐकत राही.

चौथ्या दिवशी तिन्हीसांजेला ओव्हरसियर आले. "मधला गोल कुठाय? काठाच्या उंच जागी गोल ठेवून जास्त खोली दाखवतोस?"



"त्याले कायले रागावता, साहेब?" म्हातारी म्हणाली. "वर जाऊन पाहा तं खरं."

ते टेप घेऊन काठावरून पुढं झाले. बुटाजवळून रातवा उठला, पंख मोडल्यासारखा लोळत लांब गेला. ओव्हरसियर वाकले. अंडी दिसली तसे तिथंच बसून राहिले. मग टेप गुंडाळत म्हणाले, "या खाणीची खोली मी काठावरून घेतो. उद्यापासून गोल मधोमध सोडायचा."

उद्यापासून! म्हणजे मला गाडीत बसवणार नव्हते. मी म्हातारीकडं पाहिलं. तिनं मला हाताला धरून मागं ओढलं. "सरक ना. त्याले येऊ दे."

आम्ही तिघंही मागं सरलो. अंधुक उजेडात रातवा उतरला, आणि मी डोळ्यांत तेल घालून पाहत असूनही, बसताक्षणी पुन्हा नुसता मुरूम उरला.