मित्राचा फॉर्म बघून भरलेली पेन्शन

मंडळी, आज सकाळचा पाऊण तास आम्ही पेन्शन ऑफिसला फोन लावून, स्पीकरवर टाकून होल्डवर बसलो होतो.

माझा नवरा नितीन ब्रिटिश आर्मीतून रिटायर झाला, तेव्हा पेन्शनचा एक पर्याय निवडायचा होता. आमच्याकडे सगळे फॉर्म मीच भरते. व्हिसापासूनची सवय आहे, ज्याचं काम झालंय त्याचा फॉर्म समोर ठेवायचा आणि तसाच भरायचा. इथेही नितीनच्या आर्मीतल्या मित्राचा फॉर्म बघून टिक केली. नितीनने न वाचता सही केली.

त्या पर्यायात नवरा गेल्यावर बायकोला कमी पेन्शन मिळतं, हे आत्ता कळलं. मित्राचं लग्नच झालेलं नाही, त्याला काय फरक पडतो.

निवड बदलून मागितली, तर फोनवरच्या बाईंनी विचारलं, "सही करण्याआधी फॉर्म वाचला होता का?"

"हो," नितीन म्हणाला.

"मग आता बदलता येणार नाही."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "खोटं का बोललास?"

"मग काय, बायकोने फॉर्म चुकीचा भरला म्हणून सांगू?" म्हणत तो कप विसळायला गेला.

भांडायचंही त्राण नाही आज. तुमच्या घरी फॉर्म कोण भरतं? आणि सही करणारा तो वाचतो, की नुसता तुमच्यावर विश्वास ठेवतो?