तांबडीचा कान

नालबंदमामांचा दावा एकच: खूर म्हणजे नख. नख कापताना कुणी रडतं का? मग खिळा ठोकताना घोड्याला काय होणार! हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत, आणि ऐकवताना घोड्याचा पाय मांडीवर घेऊन त्याच्याशी अखंड बोलत, "हं, झालंच हं, राजा. रागावू नकोस."

"काही कळत नाही ना त्याला?" मामी आतून विचारत. "मग समजूत कुणाची काढताय?"

"तोंडाला सवय आहे."

त्या सकाळी गाडीवान तांबडी घोडी घेऊन आला तो वैतागूनच. मामांनी परवाच तिला नवे नाल मारले होते आणि आता ती पुढच्या उजव्या पायाने लंगडत होती.

"नाटकं नुसती! तबेल्यात धड उभी राहते, गाडीला जुंपली की लंगडते. मामा, नाल ठीक आहे एवढं सांगा. मग मी आहे नि माझा चाबूक आहे."

मामांच्या कामाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. 'नाल ठीक आहे' हे शब्द अगदी ओठांवर आले. तरी त्यांनी खूर उचलून मांडीवर घेतला आणि हातोडीने एकेका खिळ्यावर हलकेच ठोकून पाहिलं. घोडी गाडीवानाच्या खिशात नाक खुपसण्यात दंग होती. शेवटच्या खिळ्यावर हातोडी टेकली आणि तिचा कान मागे गेला. पाय तिने ओढून घेतला नाही. तो नुसता थरथरला. मामांनी पुन्हा ठोकलं. पुन्हा कान.

मामांचा चेहरा उतरला.

"नख संपून जीव सुरू होतो ना, तिथे गेलाय खिळा," ते म्हणाले. "ओढ बसली की टोचतो. हात माझाच चुकला."

मामी उंबऱ्यात आल्या. "म्हणजे कळतं म्हणायचं तिला!"

"तिला कळतं. आम्हा दोघांनाच कळत नव्हतं."

खिळा उपसला, भोक धुऊन औषध भरलं. "आठवडाभर गाडी बंद."

"आणि धंदा? गाडी काय तुम्ही ओढणार?"

"ओढतील की," मामी म्हणाल्या. "लंगडले तर नाटक म्हणू नकोस म्हणजे झालं."

गाडीवानाला हसू आवरेना. तांबडीने आधी खुराचं टोक टेकवलं, मग हळूच सगळा भार टाकला आणि लांब श्वास सोडला.

लगाम धरून गाडीवान जरा घुटमळला. "मामा, माझ्यावर रागावली असेल का हो?"

"ते मला काय विचारतोस?"

मग तो निघाला, तिच्या चालीने, रस्ताभर तिच्याकडे चोरून बघत.