भागाबाईचं लुगडं

धरणगावजवळच्या आपल्या खेड्यात भागाबाई कुणाला घाबरत नसे. नवरा गेल्यावर दीर म्हणाला, शेळ्या विकून टाक. तिने शेळ्या दुप्पट केल्या. त्या राखायला भुऱ्या कुत्रा होता, आणि विश्वास टाकायला एकच माणूस, निंबा. आई गेली तेव्हा हा भाऊ दोन वर्षांचा होता. तिनेच कडेवर घेऊन त्याला वाढवलं.

एकोणीसशे सत्तावन्नच्या फाल्गुनात बैलगाडीचा धक्का लागून भुऱ्याच्या खुब्याचं हाड खोबणीतून निसटलं. मागचा पाय आखडून लोंबू लागला. गाव म्हणालं, आपल्या पुना वैदूकडून डाग देऊन घे. लंगड्या जनावराला तापल्या सळईचा डाग, हा तिथला सात पिढ्यांचा उपाय. भागाबाईने ऐकलं नाही. आठवडाभर वाट पाहून कुत्र्याला गाडीत घातलं आणि जळगावला गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी क्लोरोफॉर्म देऊन पाय ओढून पाहिला. हाड बसायचं आणि परत निसटायचं. शेवटी त्यांनी खुबा उघडला, खोबणीत साकळलेलं रक्त साफ केलं, हाडाचा गोळा आत बसवला आणि सांध्याचं फाटलेलं आवरण जाड रेशमी दोऱ्याने शिवलं. पाय दुमडून पोटाशी बांधला. "पंधरा दिवस हा पाय जमिनीला टेकता कामा नये. आणि डाग तर मुळीच नको," त्यांनी बजावलं.

सहाव्या दिवशी नणंदेकडचं लग्न आलं. टाळणं शक्य नव्हतं. तिने निंबाला बोलावून घेतलं.

"अक्का, तुनी आन शे. कोणालेच हात लावू देवाव नही," तिच्या पायाला हात लावून त्याने शपथ घेतली. आता भावाच्या शब्दावर नाही, तर कुणाच्या शब्दावर विसंबायचं?

तीन दिवसांनी ती परतली. पट्टी सुटलेली, पाय पुन्हा लोंबता, आणि ओल्या टाक्यांवर डागाची जळकी फुली. भागाबाईने निंबाला जाब विचारला.

"बठ्ठा गाव माले हसे, अक्का," निंबा पुटपुटला. "डाग दिधाशिवाय पाय सुधरस का? तुनाकरताच करं. तुनं जुनं लुगडं त्याना डोयावर टाकं, म्हणून गुमान पडी राह्यना."

म्हणजे झाकल्या डोळ्यांनी तिच्या अंगाचा वास घेत, तीच जवळ आहे असं समजून, तो मुका जीव सळईखाली निजून राहिला होता! भाकरी घेऊन ती पुढे झाली. भुऱ्या तीन पायांवर मागे सरकला, भिंतीला चिकटला आणि तिच्यावर गुरगुरला.

जळगावच्या डॉक्टरांनी जखमेतला पू पाहिला आणि मान हलवली. पुन्हा कापण्यासारखं काही उरलं नव्हतं. जखम भरली, लंगडणं राहिलं. अंगाचा वास जावा म्हणून तिने लुगडी रिठ्यात धुतली, ते जुनं तर जाळून टाकलं. पण भुऱ्या तिच्या हातून कधी खाईना. भाकरी ठेवून ती लांब गेली, की मगच येई.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, निंबा नेहमीसारखा तिला माहेरी न्यायला आला. नवं लुगडं आणलं होतं. त्याला पाहताच भुऱ्या तीन पायांवर उड्या मारत धावला, शेपूट हलवत त्याचे हात चाटू लागला. निंबाला हसू आलं.

"दख अक्का, भुऱ्या बठ्ठं इसरी गया. तू बी इसर ना."

"भुऱ्याना डोया झाकेल व्हतात, निंबा," ती म्हणाली. "मना डोया उघडा शेत."

तिने लुगडं त्याच्या हातात परत दिलं. त्या अखाजीला माहेरची गाडी रिकामीच गेली, आणि भुऱ्या वेशीपर्यंत निंबाच्या गाडीमागे लंगडत गेला.