दुसऱ्या रांगेतली खुर्ची

मध्ययुगीन तत्त्वज्ञानाच्या चर्चासत्रात जेवणानंतरची वेळ माझ्या वाट्याला आली. समोर नऊ माणसं, त्यातली दोन पेंगत होती. त्यांचं काय चुकलं? मलाच माझा निबंध वाचायचा कंटाळा आला होता.

जुन्या ग्रंथांतली एक रीत मात्र मला अजून आवडते. आपलं मत मांडण्याआधी ग्रंथकार विरोधकाचं म्हणणं मांडतो, तेही होईल तितकं भक्कम करून. हा पूर्वपक्ष. विरोधकाचं नाव बहुधा नसतंच. ‘कोणी म्हणेल’, एवढंच असतं. काही पंथांची पुस्तकं कधीच हरवली. ते उरलेत ते असे, विरोधकांच्या पानांत.

माझ्या निबंधांतला ‘कोणी’ म्हणजे जोशीबाई. दरवर्षी दुसऱ्या रांगेत कडेला बसायच्या आणि माझं वाचून झालं की चष्मा पुसत म्हणायच्या, “सर, माझं म्हणणं तुम्ही माझ्यापेक्षा बरं मांडलंत. पण तुमचं काही पटलं नाही.” मी चिडायचो, आणि घरी जाऊन सगळं पुन्हा लिहायला बसायचो.

बाई गेल्या उन्हाळ्यात वारल्या. तरी परवा ‘कोणी म्हणेल’ असं वाचलं आणि मान आपोआप दुसऱ्या रांगेकडे वळली. त्या खुर्चीवर कुणीतरी पिशवी ठेवली होती.

निबंध संपला. अध्यक्षांनी विचारलं, “काही शंका?”

कुणालाच नव्हती. टाळ्या वाजल्या आणि मंडळी चहाकडे निघाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझं म्हणणं सगळ्यांना पटलं होतं.