चार दशांश मिलिमीटर

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीआधीचे तीन आठवडे मी बेटेगावातून उंच माणूस म्हणून निघायचो आणि एमआयडीसीत बुटका होऊन पोचायचो. सायकल तीच, रस्ता तोच, मीही तोच. फक्त बुडाखालची सीट वाटेत हळूहळू खाली बसत जायची. घराच्या फाटकाशी पाय जेमतेम पेडलला टेकायचे. बोईसरचा रेल्वेवरचा पूल चढेपर्यंत गुडघे पोटाला लागायचे. कंपनीच्या गेटवर पोचताना गुडघे आणि हनुवटी यांची ओळख व्हायची तेवढी बाकी असायची. बायको म्हणाली, "चढताना साहेब दिसता, उतरताना सर्कशीतले दिसत असाल." ती कंपनीच्या गेटवर कधी आली नव्हती, तरी तिचं बरोबर होतं.

गेटवरचा वॉचमन उत्तर प्रदेशातला. तो रोज सलाम ठोकायचा आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "साहब, आज कल से भी छोटे आए हो." मी "नट ढीला है" म्हणून आत सटकायचो.

लोक हसतात याचं मला काही वाटलं नसतं. सायकल घेतली तीच मुळी साखर वाढली म्हणून, आणि पन्नाशीत हाफ पँट घालून निघालेल्या माणसाला लोकांच्या हसण्याची तयारी ठेवावीच लागते. अडचण वेगळी होती. मी क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. अठरा वर्षं माझं काम एकच: दुसऱ्यांनी बनवलेले जॉब, म्हणजे मशीनचे सुटे भाग, मोजायचे, आणि माप चुकलं की त्यावर लाल खडूनं फुली मारायची. मी मोजल्यावर पुन्हा कोणी मोजत नाही. माझी फुली म्हणजे भंगाराची पेटी, तिथे अपील नाही. असा माणूस स्वतःच्या सायकलच्या नळीचं माप चुकला हे शॉपमध्ये, म्हणजे मशीनवरच्या लोकांत, कळलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक फुलीवर "साहेब, सायकलीसारखं मोजलं नाही ना?" असं ऐकावं लागलं असतं. माझ्याकडे हुद्दा फारसा नाही. शब्दाला किंमत आहे तेवढीच. ती जाऊ नये म्हणून मी नटाचं नाव पुढे करत होतो.

आणि विशेष करून मामांना कळू नये, अशी माझी धडपड होती. मामा म्हणजे आमच्या शॉपमधले सगळ्यात जुने टर्नर, मुरबे गावचे. बाप, काका, भाऊ सगळे होडीवर. हे एकटेच लेथवर आले. हात सोन्याचा, आणि तोंड त्याच्या बरोबरीचं. त्यांच्या जॉबवर मी फुली मारली की अर्धा तास भांडण ठरलेलं. कधी जॉब गरम असताना मोजला म्हणायचे, कधी मी जोर लावून मोजतो म्हणायचे, एकदा तर माझ्या चष्म्याचा नंबर वाढला असणार असं सगळ्यांसमोर म्हणाले. हरायचे, पण भांडायचे. अशा माणसाच्या हातात माझी सायकल सापडणं म्हणजे आयतं कोलीतच.

चूक झाली ती अशी. पालघरात एका बदली झालेल्या माणसाकडून मी गिअरची जुनी सायकल घेतली. सायकल उत्तम, पण त्याचा जीव सीटवर. ती तो दांडीसकट काढून घेऊन गेला. पालघरातल्याच एका सायकलवाल्याकडे सायकल घेऊन गेलो. त्यानं फ्रेमच्या नळीत बोट घातलं, गोल फिरवलं आणि म्हणाला, "सत्तावीस-दोन असेल. माझ्याकडे नाही, मागवावी लागेल." मला हसू आलं. बोटानं व्यास सांगणारा माणूस, आणि तोही माझ्यासमोर! मी म्हटलं, "असेल म्हणून चालत नाही हो, मोजावं लागतं." तो बिचारा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी व्यास मोजायला माझं स्वतःचं वर्निअर आहे. कंपनीनं बाद केलेलं. भंगारात जाताना रीतसर कागद करून मी ते आणलं होतं. बाद का, तर जबडे पूर्ण मिटले तरी ते शून्य दाखवत नाही, दोन दशांश मिलिमीटर कमी दाखवतं. आम्ही याला झिरो एरर म्हणतो. पेटीवर माझ्याच अक्षरात चिठ्ठी होती: "झिरो एरर उणे ०.२". नळी मोजली. सत्तावीस आलं. चिठ्ठीत उणे लिहिलं होतं, म्हणून मी दोन दशांश वजा केले. सव्वीस-आठ. तेवढ्याच मापाची दांडी सीटसकट ऑनलाइन मागवली आणि कँटीनमध्ये दोघातिघांना ऐकवलंसुद्धा, की दुकानदार काहीही सांगतात, आपण मोजून घ्यावं.

दांडी आली, आत घातली, आणि ती विहिरीत बादली सोडावी तशी सरळ खाली गेली.

परत करायला गेलो तर मोबाइलवर कारण विचारलं. पर्याय चार होते. तुटलेली आली, वेगळीच आली, आता नको, आणि "मी चुकीचं माप निवडलं". पहिले तीन खोटे होते. खोटं कारण लिहायची मला सवय नाही आणि खरं लिहायला बोट उठेना. पंधरा मिनिटं मोबाइल हातात धरून बसलो. शेवटी बायकोनं विचारलं, "कोणाच्या मरणाचा मेसेज आहे का?" मी मोबाइल बंद केला आणि दांडी ठेवून घेतली.

मग उपाय. आधी नट इतका आवळला की क्लॅम्पचे दोन कान एकमेकांना चिकटले. सीट तरीही बसायचीच. मग कोल्ड्रिंकचा डबा कापून त्याची पट्टी काढली. फट चाचपून पाहिली होती, चार दशांशांची. डब्याचा पत्रा एक दशांश जाडीचा, दोन वेढे दिले की व्यास चार दशांशांनी वाढतो. हिशेब चोख होता. पहिल्याच दिवशी पुलाच्या चढावर पट्टी दांडीला सोडून आतल्या आत घसरली आणि फ्रेमच्या पोटात जाऊन पडली. तेव्हापासून सीट खाली जायची ती जायचीच, वर प्रत्येक गतिरोधकाला सायकल खुळखुळ्यासारखी वाजायची. वॉचमनला मी दिसायच्या आधी ऐकू यायला लागलो.

माप कुठे चुकलं ते त्या आठवड्यातल्या रविवारी कळलं. वर्निअर पेटीत ठेवत होतो. चिठ्ठीवर नजर गेली. वर्निअर कमी दाखवत असेल तर तेवढं मिळवायचं असतं! झिरो एरर उणे, म्हणजे दुरुस्ती अधिक. शॉपमध्ये येणाऱ्या प्रत्येक नवीन माणसाला हे मी पहिल्या आठवड्यात शिकवतो, दोनदा शिकवतो, आणि चुकला की ओरडतो. सत्तावीस अधिक दोन दशांश. सत्तावीस-दोन. पालघरच्या त्या माणसाचं बोट बरोबर होतं. मी पलंगावर बसलो तो बराच वेळ उठलो नाही. लाज वाटली, खरंच वाटली. नुसती सायकलीपुरती असती तरी ठीक होतं. अठरा वर्षांत आणखी कुठे असं झालं असेल का, हा विचार आला आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मामांनी पकडलं ते दोन दिवसांनी. मी सायकल शेडमध्ये लावत होतो, ते मागे येऊन उभे राहिले. दांडीवर उभे चकचकीत ओरखडे उठले होते. टर्नरला असे ओरखडे दाखवणं म्हणजे डॉक्टरला जीभ दाखवणं. त्यांनी वाकून पाहिलं, अंगठ्याच्या नखानं फट चाचपली.

"नट ढिला आहे," मी म्हटलं.

"नट नाय साहेब. पाईप बारीक हाय. चार दशांश." मग म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी सातपाटीला या. सायकल घेऊन."

एवढंच बोलून ते गेले. हसले नाहीत, हे जास्त वाईट. पुढचे दोन दिवस मी शॉपमध्ये कान टवकारून फिरलो. कोणी दोघं बोलताना दिसले की वाटायचं, झालं, कळलं. पण कोणी काही म्हणालं नाही. मामांनी कोणाला सांगितलंच नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी सायकल ओळखीच्या टेम्पोत टाकून सातपाटीला गेलो. बंदराजवळ मामांच्या मेहुण्याचं छोटं वर्कशॉप आहे, होड्यांच्या इंजिनांचं काम करणारं. बाहेर बांबूंवर बोंबील वाळत होते, आत लेथवर कुठल्याशा होडीचा शाफ्ट लावलेला. मामा लुंगी नेसून होते. कंपनीच्या निळ्या कपड्यांशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला एकदम पाहुण्यासारखं वाटायला लागलं.

त्यांनी दांडी उपसली आणि फ्रेम उलटी केली. माझ्या पट्टीचं भेंडोळं टणकन् खाली पडलं. मामांनी उचलून पाहिलं.

"दोन वेढे?"

"दोन."

"हिशोब बरोबर होता की," ते म्हणाले आणि भेंडोळं खिडकीत ठेवून दिलं. हे ते माझी समजूत काढायला म्हणाले, हे मला कळलं, आणि मग मला आणखी गप्प बसवेना.

"मामा, माप मीच चुकलो," मी म्हटलं. "झिरो एरर उलटा धरला. नट-बिट काही नाही." आणि एकदा सुरू झालो तसं सगळंच बोलून टाकलं. पालघरचा दुकानदार, मोबाइलवरचे चार पर्याय, पलंगावर बसून काय वाटलं ते. मामांचा मेहुणा शाफ्ट सोडून ऐकत राहिला. आता हे दोघं खो खो हसणार आणि उद्या अख्खी शॉप हसणार, अशी तयारी करून मी उभा होतो.

मामांनी कपाटातून पितळी पत्र्याची गुंडाळी काढली. इंजिनाच्या बेअरिंगखाली घालायला असे पातळ पत्रे त्यांच्याकडे निरनिराळ्या जाडीचे असतात. कात्री हातात घेऊन म्हणाले, "सांगा, किती जाडीचा कापू?"

"दोन दशांश. एक वेढा. पण तुम्ही एकदा मोजून घ्या, मामा. माझ्यावर जाऊ नका."

"मी कशाला मोजू?" मामा चिडलेच. "साहेब, तुमी फुली मारता ना, तवा माझं डोकं फिरतं. घरी जाऊन बायकोपाशी तुमाला शिव्या पण देतो, खोटं नाय बोलत. पण तुमी पास केलेला माझा जॉब आजपर्यंत एक परत आलेला नाय. पुढं तुमी बसलाय, म्हणून आमी घरी जाऊन गप झोपतो. आता तुमीच असं बोलाल तर आमी कोणाकडं बघायचं? सांगा किती."

अठरा वर्षं मला वाटत होतं की या माणसाला माझा राग आहे. राग होताच. पण माझ्या भरवशावर तो झोपतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी तिथेच उभ्या उभ्या बोटांवर पुन्हा हिशेब केला, एकदा नाही, दोनदा. मग म्हटलं, "दोन दशांश."

त्यांनी पट्टी कापली, दांडीभोवती एक वेढा दिला आणि वरची कड चार ठिकाणी चिरून बाहेर वळवली, म्हणजे पत्रा आत घसरायचा प्रश्नच नाही. दांडी आत ढकलली तर ती फुस्स आवाज करत, हवा दाबत, अगदी सावकाश गेली. असं बसणं मी कंपनीत हजारो वेळा पाहिलंय, पण त्या दिवशी टाळी वाजवावीशी वाटली. येताना सातपाटीहून बेटेगावापर्यंत सगळा रस्ता मी सायकलीवरूनच आलो, दोनदा थांबलो ते सीटमुळे नाही, दमामुळे. निघालो तेवढाच उंच घरी पोचलो. बायकोनं फाटकात उभं राहून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "झालात बाई एकदाचे मोठे."

हे इथेच संपलं असतं तर बरं झालं असतं. पण पुढच्याच आठवड्यात मामांचे आठ स्लीव्ह, म्हणजे लेथवर घडवलेली छोटी नळकांडी, माझ्या टेबलावर आले, आणि त्यातला तिसरा तीन शतांश मिलिमीटरनं बारीक निघाला. मी पुन्हा मोजला. मायक्रोमीटर बदलला, आधी त्याचं शून्य तपासलं, चिन्ह तपासलं, आणि तिसऱ्यांदा मोजला. बारीकच. तो स्लीव्ह हातात घेऊन मी किती वेळ बसलो कोण जाणे. बाहेर शेडमध्ये माझी सीट त्या माणसाच्या पितळेवर उभी होती. सोडून दिला असता तर कोणी पुन्हा मोजणार नव्हतं. पण मग घरी जाऊन गप झोपणाऱ्याचं काय?

मी फुली मारली. एरवी ट्रे परत पाठवून देतो. त्या दिवशी स्लीव्ह घेऊन स्वतः लेथपाशी गेलो. वाटेत सगळी उत्तरं तयार केली होती. गरम नव्हता, जोर लावला नव्हता, चष्म्याचा नंबर तोच आहे.

मामांनी फुली पाहिली. स्वतःचा मायक्रोमीटर शेजारीच होता, त्याला हातसुद्धा लावला नाही. स्लीव्ह भंगाराच्या पेटीत टाकला, नवा तुकडा चकमध्ये लावला आणि लेथ सुरू केलं. मी तिथेच उभा राहिलो. त्यांनी भांडावं, निदान चष्म्यावरून तरी काही बोलावं, असं मला फार वाटत होतं.

थोड्या वेळानं त्यांनी मान वर केली. "काय साहेब, चाय सांगू का?"

"नको," मी म्हटलं, "अजून पाच मोजायचेत."