टाकीवरचा कुकुडकोंबा

दौंडच्या रेल्वेत गँगमन म्हणून सारी उमर रुळांवर चालून हौसराव वडगाव रासाईला परतले, ते साल अठ्ठ्याण्णव असावं. लहानपणी ज्वारीच्या राखणीला ते गोफण घेऊन उभे असत, तेव्हा पाखरू म्हणजे वैरी. आता भीमेच्या काठाला पहाटे बसले, की तेच आवाज सोयऱ्यांसारखे जवळ येत. कुणी म्हणे, म्हाताऱ्याला चळ लागला. त्यांनी मनावर घेतलं नाही. गावात दिसणारं एकेक पाखरू त्यांनी पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर गेरूनं लिहायला घेतलं, कारण टाकीवर बुद्धवाडाही येतो आणि वरची आळीही. नियम दोनच. दोघांनी पाहिलेलं असावं, आणि एका पाखराला एकच ओळ.

भिंत भरत गेली. धोबीण, वेडा राघू, भोरडी, खंड्या. माणसं येता-जाता नवं सांगू लागली. वरच्या आळीतला जालिंदर एक दिवस मित्राला साक्षीला घेऊन आला.

"आप्पा, भारद्वाज लिवा."

हौसरावांनी लिहिलं. हे नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं, पण तसं कबूल करायची लाज वाटली. हिवाळाभर ते भारद्वाज शोधत हिंडले, उसाच्या बांधानं, बाभळीतून, पार नदीच्या वळणापर्यंत. शेवटी एका सकाळी जालिंदरलाच बरोबर नेलं.

घाणेरीच्या जाळीतून काळ्या अंगाचं, विटकरी पंखांचं, लाल डोळ्याचं पाखरू तोऱ्यात चालत बाहेर आलं.

"ह्यो काय भारद्वाज. दिसला की शुभ असतंय म्हणत्यात."

हौसराव मटकन खाली बसले आणि हसू लागले. "आरं, ह्यो तर कुकुडकोंबा. भितीवर पयल्या ओळीत हाय."

"मग त्यो पुसा की. भारद्वाज कसं, चांगल्या घरातलं नाव वाटतंय. न्हाईतर दोन्ही ऱ्हाऊ द्या, कुणाला कळतंय?"

"एक पाखरू, एक ओळ."

म्हटलं खरं, पण कुठली ओळ पुसायची, ते रात्रभर ठरेना. कुकुडकोंबा हा त्यांच्या आईचा, ताईबाईचा शब्द. दुसऱ्याच्या रानात खुरपता खुरपता तिनं बोट करून दाखवलेला. ती गेली, तिचं लुगडंही उरलं नाही. शब्द तेवढा भिंतीवर होता. तो राखावा, तर लोक म्हणणार, नियम करणाराच आपल्या बुद्धवाड्याकडं ओढतो.

दुसऱ्या दिवशी पाणी सुटल्यावर ते ओलं फडकं घेऊन टाकीपाशी उभे राहिले. जालिंदरही आला. त्याची आई सोजराबाई हंडा भरत होती. हौसरावांनी नाव न घेता तिला पाखराचं रूप सांगितलं, चाल सांगितली, घुमणंही काढून दाखवलं.

"वयनी, तुमच्यात ह्याला काय म्हणत्यात?"

"काय म्हणायचं? कुकुडकोंबा. माझी सासू बी त्येच म्हणायची."

"आन् भारद्वाज?"

"त्यो कोण? आळीत नवं बिऱ्हाड आलंय व्हय?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

"आई, पुस्तकात आसतंय त्ये," जालिंदर पुटपुटला.

"मग पुस्तकात ऱ्हाऊ दे की."

जालिंदरनं हौसरावांच्या हातातलं फडकं घेतलं आणि आपणच सांगितलेली ओळ पुसायला लागला. गेरू चिवट, निघता निघेना. हौसरावांनी बादली तेवढी त्याच्याजवळ सरकवली.