विसावं नाव

कवठे महांकाळला मी बालवाडी चालवायची ती सांगलीच्या एका संस्थेच्या नावानं. जागा माझी, झाडलोट माझी, मुलं गोळा करायची तीही मीच. पाटी, गाणी आणि नियम तेवढे त्यांचे. नियम तरी किती, मारुतीचं शेपूट नुसतं! तपासणीच्या बाई आल्या की हजेरीपट न मागता पुढे ठेवायचा, लाकडी ठोकळे एकूण एक दाखवायचे. मुलांची नावं त्या स्वतः पुकारणार, आणि तेवढा वेळ शाखा चालवणारीनं भिंतीशी उभं राहायचं, चकार शब्द काढायचा नाही. वीस मुलं भरली नाहीत तर शाखा बंद.

माझ्याकडे बरोब्बर वीस होती. दुष्काळाचे दिवस. आया खडी फोडायला जायच्या आणि पोरं माझ्याकडे सोडायच्या. शाखा बंद म्हणजे ती सगळी पोरं दिवसभर उन्हात, खडीच्या ढिगाशेजारी. माझंही पोट त्यावरच होतं, खोटं कशाला बोलू?

तपासणीच्या पंधरा दिवस आधी त्यातली एक मुलगी हगवणीनं गेली. पाच वर्षांची. हजेरीपटातलं शेवटचं नाव तिचं. आठ दिवसांत नाव कमी करून कळवायचं, असा नियम. मी कळवलं नाही. पेन उचलायची नि खाली ठेवायची. आधी जीव होईना म्हणून, मग भीतीनं.

तिची धाकटी बहीण साडेतीनची, अजून पटावर नाव न घातलेली; नवी नावं जूनमध्येच घ्यायची, असा नियम. तपासणीच्या आदल्या दिवशी मी तिला मांडीवर घेतलं, हातावर गुळाचा खडा ठेवला आणि पढवलं, "आक्काचं नाव घेतलं की ‘हजर’ म्हणायचं हं." लाज वाटली? वाटली की! पण अडला हरी, गाढवाचे पाय धरी.

बाईंनी नावं पुकारली. शेवटचं आलं. "हजर," धाकटी म्हणाली. थोरली म्हणायची तस्संच, मान वाकडी करून. ते मी शिकवलं नव्हतं. बाईंनी ‘उपस्थिती पूर्ण’ असा शेरा लिहिला, चहा घेतला आणि एस.टी.नं सांगलीला गेल्या.

दाराकडे बघते तर पोरीची आई उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. वाटलं, आता ही माझ्या झिंज्या उपटणार. उपटायलाच हव्या होत्या.

"बाई," ती म्हणाली, "उद्या बी घ्याल का वो तिचं नाव?"

मला नाही म्हणवलं नाही. मग रोज सकाळी खडीवर जाण्याआधी ती उंबऱ्याशी थांबायची. मी नाव घ्यायची, धाकटी ‘हजर’ म्हणायची, आणि ती पदर खोचून कामावर निघायची. मला वाटलं, बिचारीला तेवढाच आधार. डोंबलाचा आधार!

जूनमध्ये नवा हजेरीपट आला. धाकटीला आता तिच्या स्वतःच्या नावानं घ्यायची, असं मी ठरवलं. नाव पुकारलं. ती गप्प. पुन्हा पुकारलं. गप्पच. मी तिच्या आईकडे पाहिलं.

"घरात बी आता थोरलीच्याच नावानं हाक मारतो आमी," ती खाली बघत म्हणाली.

मी धाकटीला जवळ ओढलं. "अगं, हे तुझंच नाव ना?"

तिनं मान वाकडी केली.

"न्हाई, बाई. ती मेली."